सासूबाईंची बेगमी : सिसिलीतील एका घराचा स्वयंपाक

माजघर (धागाकर्ती):

गेल्या काही वर्षांत येथील अनेकांनी मला निरोप पाठवून कापोनाता या वांग्याच्या आंबटगोड सिसिलियन पदार्थाची अस्सल कृती विचारली आहे. प्रत्येक वेळी मी साहित्य आणि प्रमाण लिहून पाठवले. त्यात खोटे काही नव्हते, तरीही सांगण्यासारखे मुख्य तेच राहून गेले अशी रुखरुख दर वेळी मनाला लागली. ते राहिलेले सांगण्यासाठी हा धागा काढत आहे.

मी मूळची साताऱ्याची, आणि लग्नानंतर गेली १९ वर्षे सिसिली या इटलीच्या बेटावरील बागेरिआ या गावी राहते. पालेर्मो या सिसिलीच्या राजधानीपासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेले हे गाव लिंबांच्या बागांसाठी आणि अठराव्या शतकात सरदार घराण्यांनी बांधलेल्या हवेल्यांसाठी ओळखले जाते. सासूबाई आता ८३ वर्षांच्या आहेत. त्यांच्या आईची एक वही आमच्या घरी आहे. तिच्यात पदार्थांची नावे आणि त्याखाली साहित्याची यादी आहे, परंतु कृती जवळजवळ कोठेच नाही, आणि बहुतेक जिनसांपुढे 'क्वान्तो बास्ता' एवढेच लिहिलेले आहे. आपण 'चवीपुरते' किंवा 'लागेल तसे' म्हणतो, तोच त्याचा अर्थ. लग्न होऊन आले तेव्हा ही वही म्हणजे घराचा ठेवा आहे असे मला वाटले होते. ज्याला ठेवा म्हणावे तो गच्चीवर, कोठीत आणि फडताळातल्या बरण्यांत आहे, हे समजायला मला तीन-चार उन्हाळे लागले.

ऑगस्ट महिन्यात आमच्या गच्चीवर जे चालते ते पाहून मला पहिल्याच वर्षी आईचे वाळवण आठवले. टोमॅटो उकडून, हाताने फिरवण्याच्या यंत्रातून गाळून, साली आणि बिया काढून टाकलेला रस मीठ घालून लाकडी फळ्यांवर पसरतात. आंब्याचे साट घालताना रस ताटात ओततो तसेच ते दिसते, परंतु साट एकदा घातले की त्याला हात लावायचा नसतो, आणि हा रस मात्र दिवसभर तळव्याने फिरवत राहावे लागते. वरचा थर सुकतो, तो खाली घ्यायचा. खालचा ओला वर आणायचा. सिरोक्को, म्हणजे सहाराकडून येणारा गरम वारा, सुटला की वरची साय झपाट्याने धरते आणि तांबूस धूळही येते, म्हणून त्या दिवशी जाळीचे कापड घालून हात अधिक वेळा फिरवावा लागतो. संध्याकाळी दव पडण्याआधी फळ्या आत घेतात. पहिल्या दिवशी सहा फळ्या भरतात, तिसऱ्या दिवशी तो सगळा ऐवज दोन फळ्यांवर येतो आणि पाचव्या-सहाव्या दिवशी एकाच फळीच्या मध्यभागी काळपट लाल, लोण्याहून घट्ट असा गोळा उरतो. सुमारे १० किलो टोमॅटोंचा जेमतेम १ किलो. हा 'स्त्रात्तू'. हाताला ऑलिव्हचे तेल लावून तो बरणीत दाबून भरतात, वर तुळशीच्या जातीच्या बाझिलिको या वनस्पतीचे पान आणि तेलाचा थर देतात, आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत तो पुरवायचा असतो.

तो झाला हे कसे ओळखायचे, असे मी पहिल्या वर्षी विचारले, तेव्हा सासूबाईंनी माझा तळवा त्यावर दाबला आणि उचलला. तळवा कोरडा निघाला. दुसरे कोणतेही उत्तर त्यांनी दिले नाही.

दुसरी बेगमी म्हणजे 'मुड्डिका', शिळ्या पावाचा चुरा. या शब्दातील 'ड' अगदी आपल्या 'ड'सारखा उच्चारला जातो; प्रमाण इटालियनमध्ये तो ध्वनी नाही, आणि सासूबाईंच्या तोंडून तो प्रथम ऐकला तेव्हा मला परक्या देशात एक ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले होते. चार दिवसांचा पाव किसून, कोरड्या कढईत तेलाच्या काही थेंबांवर, सतत हलवत, बदामी रंगावर भाजायचा. ज्यांना किसलेले चीज परवडत नव्हते त्यांनी पास्त्यावर हा चुरा भुरभुरला, आणि आज चीज परवडत असूनही मासळीच्या पास्त्यावर आमच्याकडे चीज कोणी घालत नाही. भाजणीप्रमाणेच येथेही सगळे काम मंद आचेचे आहे. एकदा मी घाई करून आच वाढवली, चुरा बाहेरून करपला आणि आतून मऊ राहिला. तो पाव पुन्हा चार दिवस शिळा करण्यापासून सुरुवात करावी लागली.

तिसरी बेगमी मिठाची आहे. बागेरिआचाच समुद्राकाठचा भाग म्हणजे आस्प्रा, आणि मिठात मुरवलेल्या अँकोव्ही या लहान मासळीसाठी तो प्रसिद्ध आहे. डोके आणि आतडे काढलेल्या मासळीचा एक थर, जाड्या मिठाचा एक थर, असे बरणीत रचून वर दगड ठेवायचा आणि किमान दोन-तीन महिने वाट पाहायची. केपर या झुडपाच्या कळ्याही अशाच मिठात असतात. आमच्याकडे त्या पान्तेल्लेरिआ बेटावरून येतात, आणि वापरण्यापूर्वी पाणी तीन वेळा बदलून भिजवाव्या लागतात.

आता कापोनाताची कृती देते. वांगी १ किलो, सेलरीचे देठ २५० ग्रॅम, मोठा कांदा १, हिरवे ऑलिव्ह १५० ग्रॅम, केपर ५० ग्रॅम, एक मोठा चमचा स्त्रात्तू अर्धी वाटी पाण्यात कालवून, व्हिनेगर ८० मिलिलिटर, साखर ४० ग्रॅम. वांग्याच्या दोन बोटे जाडीच्या फोडींना मीठ लावून तासभर ठेवावे, पिळून, पुसून, भरपूर तेलात गडद रंगावर तळाव्यात. सेलरी मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडून घ्यावी. कांदा तेलावर मऊ झाला की स्त्रात्तू, ऑलिव्ह, केपर आणि सेलरी घालावी, दहा मिनिटांनी साखर आणि व्हिनेगर घालून आंबट वाफ नाकाला झोंबेनाशी होईपर्यंत आच मोठी ठेवावी, मग वांगी मिसळून भांडे उतरवावे. त्या दिवशी ती खाऊ नये. दुसऱ्या दिवशी, फ्रिजमधून काढून, खोलीच्या तापमानाला आल्यावर खावी.

ही कृती बरोबर आहे. परंतु तिच्यातील 'एक मोठा चमचा' या शब्दांमागे सहा दिवसांचे ऊन आहे आणि 'केपर ५० ग्रॅम' यामागे एका बेटावरचे मीठ आहे. येथे आईकडून मुलीकडे जाते ती ही बेगमी आणि तिचे वेळापत्रक. पदार्थ त्यातून आपोआप निघतो. सासूबाईंना लग्नात, १९६४ साली, त्यांच्या आईने जे दिले त्यात त्या सहा फळ्या होत्या. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांच्या खांद्यामुळे आम्ही त्यांतील दोनच काढल्या, आणि तेव्हापासून हे सगळे कोठे तरी लिहून ठेवले पाहिजे असे मला तीव्रतेने वाटत आहे.

किनारपट्टी:

ताई, लेख अतिशय आवडला. मी मालवणकडील आहे, त्यामुळे मासळीच्या पास्त्याचा उल्लेख वाचताच सार्डिन, म्हणजे आमची तारली, आठवली. सिसिलीत तारली पास्त्यात घालतात असे ऐकून आहे. आमच्याकडे ती तिखले करून किंवा रवा लावून तळून खातात, आणि तिच्या वासामुळे काही घरांत तिला पाहुण्यांपुढे ठेवत नाहीत. तेथे तिला मान आहे का? शिवाय त्या पदार्थात जी रानटी बडीशेप लागते तिच्याऐवजी शेपू चालेल का?

माजघर:

तारलीला येथे मोठा मान आहे, आणि तो गरिबीतून आलेला मान आहे. 'सार्दे आ बेक्काफीको' हा पदार्थ त्याचे चांगले उदाहरण आहे. बेक्काफीको हा अंजिरांवर पोसलेला लहान पक्षी. सरदारांच्या घरी तो आतड्यांसकट शिजवून खात असत. ज्यांना पक्षी मिळणे शक्य नव्हते त्यांनी तारली उघडून, काटा काढून, भाजलेली मुड्डिका, मनुका आणि पाइनच्या बिया भरून गुंडाळी केली आणि शेपटी वर ठेवून ती ताटात अशी मांडली की पक्षी बसल्यासारखा दिसावा. दोन गुंडाळ्यांमध्ये तमालपत्राच्या कुळातील लॉरेलचे पान खोचतात आणि वरून संत्र्याचा रस शिंपडून भट्टीत भाजतात. पक्षी कधीच ताटातून गेले, तारली राहिली.

शेपूबद्दल माझे स्पष्ट मत आहे की तो वापरू नये. शेपूची चव या पदार्थावर कुरघोडी करते. रानटी बडीशेप आणि आपली बडीशेप या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या आहेत, म्हणून घरातली बडीशेप कुंडीत पेरून तिचा कोवळा, मऊ पाला वापरणे हा उत्तम मार्ग आहे. येथे फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकड्यांच्या उतारांवर हा पाला उगवतो. तो उकडून बारीक चिरायचा आणि त्याचे हिरवट पाणी अजिबात टाकायचे नाही, कारण पास्ता त्याच पाण्यात शिजतो. कांदा, विरघळवलेली अँकोव्ही, मनुका, पाइनच्या बिया, केशर, मग पाला आणि तारली, शेवटी मुड्डिका. १९ मार्चला, म्हणजे संत जोसेफच्या सणाला, हा पदार्थ होतोच.

ज्या दिवशी बाजारात तारली नसे किंवा घरात पैसे नसत, त्या दिवशी मासळीशिवाय हाच पास्ता करत आणि त्याला 'तारली अजून समुद्रातच' असे नाव देत. सासूबाईंच्या लहानपणी, युद्धानंतरच्या वर्षांत, हाच प्रकार अधिक वेळा होत असे. त्या आजही तो मुद्दाम करतात आणि त्या दिवशी टेबलावर फारसे बोलत नाहीत.

अनुस्वार:

लेखातील निरीक्षणे मोलाची आहेत. त्यात इतिहासाची थोडी भर घालतो, कारण सिसिलीच्या स्वयंपाकाविषयी बोलताना मनुका, केशर, आंबटगोड असे काही दिसले की 'हे अरबांचे' असे म्हणून विषय संपवण्याची प्रथा पडली आहे.

उत्तर आफ्रिकेतून आलेले अरब राजवटीचे सैन्य माझारा येथे ८२७ साली उतरले, ८३१ मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती गेले, आणि नॉर्मनांनी ते १०७२ मध्ये घेतले. या काळात बेटावर सिंचनाची तंत्रे, ऊस आणि आंबट संत्री-लिंबे यांची लागवड वाढली, यात शंका नाही. शब्दही साक्ष देतात. तिळाला सिसिलियन भाषेत 'जुज्जुलेना' म्हणतात, तो अरबी शब्द आहे. आणि मध-साखरेच्या पाकातली तिळाची जी वडी तेथे नाताळात करतात ती आपल्या संक्रांतीच्या वडीची सख्खी बहीण शोभावी अशी असते. अल-इद्रिसी या भूगोलतज्ज्ञाने दुसरा रॉजर या नॉर्मन राजासाठी ११५४ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबीआ येथे शेवयांसारखा पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार होऊन जहाजांनी बाहेर जात असल्याची नोंद आहे. त्राबीआ हे धागाकर्तीच्या गावापासून फार दूर नाही.

परंतु ज्या स्त्रात्तूवर हा धागा उभा आहे तो टोमॅटो अमेरिकेतून, स्पॅनिश राजवटीच्या काळात आला, आणि तो घरोघरी रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदारांच्या घरी फ्रेंच पद्धतीचे स्वयंपाकी आले, त्यांना 'मोन्सू' म्हणत. हा 'मस्यू'चा स्थानिक उच्चार. तेव्हा एका ताटात इतक्या काळांचे थर असताना त्याचे श्रेय एकाच काळाला देणे मला अन्यायाचे वाटते.

माजघर:

आपले म्हणणे मान्य आहे, आणि मोन्सूंच्या उल्लेखाने आमच्या घरातील एक दुवा जुळला. सासूबाईंची आजी गावातील एका हवेलीच्या मुदपाकखान्यात भांडी घासायला आणि भाज्या निवडायला होती. आमच्याकडे १५ ऑगस्टला, फेर्रागोस्तो या सुटीला, 'आनेल्लेत्ती' होतात. बांगडीच्या आकाराचा बारीक पास्ता, खिम्याचा रस्सा, मटार, तळलेले वांगे आणि चीज असे थर देऊन साच्यात भाजतात आणि तो साचा कापडात बांधून समुद्रकिनारी नेतात. हवेलीत हाच प्रकार पिठाच्या गोड पारीत बंद करून होत असे, असे आजी सांगत. घरी पारी गळाली आणि साच्याला आतून तूप लावून मुड्डिका भुरभुरण्याची पद्धत आली. मुड्डिकेची ती खरपूस कडा मिळावी म्हणून आमच्या घरी मुले अजून भांडतात.

सह्याद्रीकर:

धागाकर्तीबद्दल पूर्ण आदर ठेवून एक मतभेद नोंदवतो. कृती गौण आणि बेगमी महत्त्वाची, हा विचार वाचायला सुंदर आहे, परंतु त्याने आमच्या घराचे नुकसान केले आहे. माझी आजी काळा मसाला करत असे. प्रमाण विचारले की 'हाताला कळते' असे उत्तर मिळे, आणि आम्हीही ते उत्तर कौतुकाने ऐकत राहिलो. ती गेल्यानंतर आई, दोन मावश्या आणि मी मिळून सहा वेळा तो मसाला करून पाहिला. दगडफूल, खोबरे, तीळ, धणे सगळे तेच घेतले, आणि एकदाही तो मसाला जमला नाही. तिने एकदा जरी तराजू वापरू दिला असता तरी आज तो आमच्याकडे असता. आपल्या सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. कृपया लिहून ठेवा, आणि आकड्यांत लिहून ठेवा.

माजघर:

तुमचा प्रतिसाद मी दोन दिवस मनात घोळवला. तुमच्या आजीच्या मसाल्याबद्दल वाचून फार वाईट वाटले. आकडे लिहावेत या तुमच्या म्हणण्याला माझा विरोध नाही. मी ते काम सुरू केले आहे, आणि त्यात जे आढळले ते सांगते.

गेल्या वर्षभरात सासूबाईंनी सात वेळा कापोनाता केली आणि सातही वेळा त्यांनी बाटलीतून व्हिनेगर ओतण्याआधी आणि ओतल्यानंतर मी बाटली वजनकाट्यावर ठेवली. सर्वांत कमी ५५ ग्रॅम आणि सर्वांत जास्त ९५ ग्रॅम भरले. वांगी दर वेळी १ किलोच होती. प्रथम मला वाटले की वयामुळे हाताचा अंदाज चुकत आहे. परंतु सातही वेळा चव सारखीच होती. नंतर लक्षात आले की आमचे व्हिनेगर घरच्या वाइनचे असते, त्याची आंबटाई बरणीगणिक बदलते, आणि ओतण्यापूर्वी त्या बाटलीचे तोंड नाकाशी नेतात. ही क्रिया इतकी सहज होती की १९ वर्षांत ती माझ्या नजरेला पडली नव्हती. वहीत मी आता '८० ग्रॅम' असे लिहिले आहे आणि त्यापुढे 'आधी वास घ्यावा, नाकाला झोंबले तर एक घोट कमी' असेही लिहिले आहे.

तुमच्या आजीच्या मसाल्यातही असेच काही असू शकेल. खोबरे किती काळे भाजले, दगडफूल जुने होते की नवे, हे तराजूत दिसत नाही. म्हणून आकडा लिहावा आणि तो आकडा ज्या खुणेवर ठरला ती खूणही शेजारी लिहावी, असे मला आता वाटते. सहा प्रयत्नांत आपल्याला काय काय वेगळे वाटले, हे तुम्ही चौघांनी एकत्र बसून लिहून काढले तर कदाचित मसाल्याची वाट सापडेल. तसे केलेत तर त्याचा वेगळा धागा जरूर काढा. मी वाचेन.

वाघाटी:

मी येथे क्वचित लिहिते, परंतु केपरबद्दल वाचून राहवले नाही. केपर ज्या प्रजातीतला, त्याच प्रजातीत आपल्याकडची वाघाटी येते, जिचे फळ आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, उपवास सोडताना भाजीत घालतात. काही जण त्याला गोविंदफळ म्हणतात. कोरडवाहू भागात नेपती नावाचे जे झुडूप असते आणि ज्याच्या फळांचे लोणचे घालतात तेही याच प्रजातीचे. नेपतीची हिरवी फळे मिठाच्या पाण्यात मुरवून, कडवटपणा उतरल्यावर, मी कापोनातासारख्या पदार्थात वापरून पाहिली. केपरची जागा ती तंतोतंत घेत नाहीत, परंतु तो उग्र, मोहरीच्या जवळ जाणारा स्वाद बराचसा मिळतो.

माजघर:

वाघाटीताई, ही माहिती मी सासूबाईंना वाचून दाखवली. उपवास सोडण्याच्या पहिल्या घासात केपरच्या भावंडाला स्थान आहे हे ऐकून त्या फार आनंदल्या आणि ते फळ पाहायला मिळेल का, असे त्यांनी विचारले. पुढच्या आषाढात कोणाकडे छायाचित्र असल्यास कृपया येथे द्यावे.

गव्हांकुर:

१३ डिसेंबरला पालेर्मोत पाव आणि पास्ता खात नाहीत, हे खरे आहे का? आणि त्या दिवशीच्या गव्हाच्या खिरीबद्दल कोणी सांगू शकेल का?

माजघर:

हे अगदी खरे आहे. तो संत लुचीआचा दिवस. १६४६ साली दुष्काळ पडला असताना या दिवशी धान्याने भरलेले जहाज बंदरात आले आणि भुकेल्या लोकांनी दळण्याचीही वाट न पाहता गहू तसाच उकडून खाल्ला, अशी कथा सांगतात. पालेर्मो आणि सिराकूझा ही दोन्ही शहरे ते जहाज आपल्याच बंदरात आले असे सांगतात. त्या स्मरणार्थ त्या दिवशी पीठ वर्ज्य असते आणि 'कुच्चीआ' करतात. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, मग तासन् तास मंद शिजवायचा आणि गाळून घोटलेल्या रिकोत्ता चीजमध्ये साखर, दालचिनी आणि साखरेत मुरवलेल्या फळांच्या फोडी घालून त्यात मिसळायचा. आपली गव्हाची खीर खाल्लेल्या माणसाला ही चव परकी वाटत नाही. पहिल्या डिसेंबरात मी एका भांड्यात रिकोत्ताऐवजी गूळ आणि नारळाचे दूध घातले होते. सासऱ्यांनी दोन वाट्या घेतल्या. सासूबाईंनी एक चमचा चाखून 'चांगले आहे, पण हे लुचीआचे नाही' असे सांगितले, आणि ते मला योग्यच वाटले.

एक गोष्ट येथेच नमूद करते. मी लिहिते आहे ते एका गावातील एका घराचे आहे. पालेर्मोत भाताचा तळलेला गोळा गोल असतो आणि त्याला स्त्रीलिंगी 'आरांचीना' म्हणतात. कातानियात तो टोकदार असतो आणि पुल्लिंगी 'आरांचीनो' होतो. हा वाद इतका चालला की २०१६ मध्ये भाषेच्या अकादमीला दोन्ही रूपे ग्राह्य असल्याचे सांगावे लागले. त्रापानीकडे रवा ओल्या बोटांनी मळून कुस्कुसू करतात, तो मासळीच्या रश्शाबरोबर खातात, आणि वाफवताना दोन भांड्यांमधील सांध कणकेने बंद करतात. आमच्याच गावचा 'स्फिंचोने' हा जाड, मऊ पाव पालेर्मोच्या स्फिंचोनेसारखा लाल नसतो. त्यावर टोमॅटो नसतो. रिकोत्ता किंवा ताजे चीज, कांदा, अँकोव्ही आणि भरपूर मुड्डिका असते, आणि तो ८ डिसेंबरच्या सणापासून नाताळापर्यंत होतो. १५ किलोमीटरवर चव बदलते, म्हणून 'अस्सल सिसिलियन' हा शब्द मी आता वापरत नाही.

किनारपट्टी:

ताई, स्त्रात्तू, केपर, अँकोव्ही यांपैकी काहीही हाताशी नसणाऱ्या माणसाने आरंभ कोठून करावा? आमच्या गावात व्हिनेगर आणि लाल भोपळा एवढेच मिळते असे समजा.

माजघर:

मग तुमच्याकडे सगळे काही आहे. पालेर्मोच्या वुच्चीरीआ बाजारात सात तोट्यांचे एक कारंजे आहे, आणि त्याच्या आसपास राहणाऱ्या गरीब विक्रेत्यांनी केलेला पदार्थ म्हणजे 'सात तोट्यांची कलेजी'. श्रीमंतांकडे वासराची कलेजी आंबटगोड करून खात. या लोकांनी त्याच मसाल्यात भोपळा केला. त्याला साठवणीतील काहीच लागत नाही.

लाल भोपळा १ किलो, साल काढून, बोटाच्या जाडीच्या सपाट फोडी कराव्यात. तेलात, गर्दी न करता, कडा तांबूस होईपर्यंत दोन्ही बाजूंनी तळाव्यात आणि पसरट ताटात मांडून मीठ भुरभुरावे. तेल बहुतेक काढून टाकावे, उरलेल्या दोन चमचे तेलात लसणाच्या चार पाकळ्यांचे काप सोनेरी करावेत, त्यात व्हिनेगर १०० मिलिलिटर आणि साखर दोन मोठे चमचे घालून उकळी आणावी. तुमच्याकडचे पांढरे व्हिनेगर वाइनच्या व्हिनेगरपेक्षा झोंबणारे असते, म्हणून त्यात तिसरा हिस्सा पाणी घालावे. वाफ नाकाला बोचेनाशी झाली की हा रस फोडींवर ओतावा, वर पुदिन्याची पाने हाताने तोडून घालावीत आणि झाकून ठेवावे. खाण्याची घाई करू नये.

किनारपट्टी:

काल केला. घरातील सर्वांना चिंच-गुळाच्या भोपळ्याची सवय असल्याने आंबटगोडाचे नवल वाटले नाही, पुदिन्याचे मात्र वाटले. काल रात्री व्हिनेगरचा वास पुढे येत होता आणि मी निराश झालो होतो. आज दुपारी तो भोपळ्यात पूर्ण उतरला होता आणि लसूण वेगळा जाणवत नव्हता. आईने विचारले की हा किती दिवस टिकतो?

माजघर:

आमच्याकडे फ्रिजमध्ये तीन-चार दिवस ठेवतो. दुसऱ्या दिवशीचा सर्वांत चांगला असतो. खाण्यापूर्वी तासभर आधी बाहेर काढावा आणि पुदिना पुन्हा ताजा घालावा. आईंना माझा नमस्कार सांगावा, आणि त्यांच्या चिंच-गुळाच्या भोपळ्याची कृती येथे लिहावी. सासूबाईंना ती करून पाहायची आहे आणि चिंच मी पुढच्या खेपेला साताऱ्याहून आणणार आहे.